दिवसाची लाईट

मी आठवीत असताना भूगोलाच्या तासाला बाईंनी सांगितलं होतं की जगातलं खनिज तेल आणखी तीस वर्षं पुरेल. १९८१ किंवा ८२ साल असावं. मी बाकावर बसल्या बसल्या बेरीज केली. तीस वर्षांनी मी त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असेन आणि फलटणच्या स्टँडवर एकही एसटी लागलेली नसेल. त्या कल्पनेने मला खरोखरीची भीती वाटली होती, कारण मामाच्या गावाला जायचं ते एसटीनेच.

बाई काही चुकीचं सांगत नव्हत्या. त्या सुमारास जगातले माहीत असलेले साठे सातशे अब्ज बॅरलच्या आतबाहेर होते आणि वर्षाच्या खपाने त्यांना भागलं की उत्तर तीसच्या जवळपास येत असे. ती तीस वर्षं उलटून आता दीड दशक होत आलं. आज तोच भागाकार केला तर उत्तर पन्नासच्या आसपास येतं. खप तर तेव्हाच्या दीडपटीहून जास्त झाला आहे. जग दिवसाला दहा कोटी बॅरलच्या वर तेल वापरतं. खाऊन खाऊन कणगी भरत जावी, असं हे काहीतरी आहे.

यात जादू नाही. तेलाच्या धंद्यात साठा म्हणजे जमिनीच्या पोटातलं सगळं तेल नव्हे. आजच्या तंत्राने आणि आजच्या भावात जेवढं काढायला परवडतं तेवढंच साठ्यात धरतात. भाव चढला किंवा नवं तंत्र आलं की काल ज्याला खडक म्हणत होते तो आज साठा होतो. किंग हबर्ट नावाच्या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९५६ साली मांडलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखराला पोचेल आणि मग उतरत जाईल. तो स्वतः शेल या तेल कंपनीत नोकरीला होता, म्हणजे आपल्याच घराचं भविष्य वर्तवत होता. १९७० साली तसंच झालं आणि हबर्ट द्रष्टा ठरला. पुढे तिथल्या लोकांनी आडव्या विहिरी खणून, पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून, शेल याच नावाचा घट्ट खडक फोडून तेल काढायला सुरुवात केली. २०१८ साली अमेरिकेने १९७० चा उच्चांक मागे टाकला.

मग हबर्ट चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याचं गणित सोप्या तेलाचं होतं आणि सोपं तेल त्याने सांगितलं तसंच ओसरलं. फोडून काढलेल्या शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं, म्हणून नव्या विहिरी सतत खणत राहावं लागतं. जुनी, मोठी क्षेत्रंही शिखर ओलांडल्यावर दरसाल पाच-सहा टक्क्यांनी उतरतात. आज जगात जो पैसा तेलाच्या शोधात घातला जातो त्यातला बराचसा आहे तेवढंच उत्पादन टिकवण्यात जातो. तेल मिळत राहील. ते दरवर्षी जास्त खोलवरून, जास्त पाणी आणि जास्त ऊर्जा खर्चून मिळेल.

म्हणून ‘तेल संपणार’ या भीतीवर ऊर्जेचं धोरण उभं करू नये असं माझं मत आहे. ही भीती फार सोयीची असते. संपणाऱ्या वस्तूच्या जागी काहीही आणलं तरी ते ‘पर्याय’ म्हणून खपतं आणि त्याची किंमत कोण मोजतं हे विचारायचं राहून जातं. ऊर्जा कुठलीही असो, ती कुणाच्या तरी जमिनीतून, कुणाच्या तरी वाटच्या पाण्यातून, कुणाच्या तरी झोपेतून येते. नव्या ऊर्जेला ‘पर्याय’ म्हणण्याआधी तिचा हिशोब बांधावर उभं राहून करावा, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. आणि तसा हिशोब केला तर आपण आज ज्याला हिरवं म्हणतो त्यातलं काही बाद होतं, आणि फारसं कौतुक न झालेलं काही वर येतं.

आपल्या दारातलं तेल ओसरताना आपण पाहिलंच आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या खोदयंत्राने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात बॉम्बे हायचं तेल शोधलं. वेळ अशी होती की अरब देशांनी निर्यात रोखल्याने काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला होता. १९७६ साली प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं. आमच्या घरी रेडिओवर ती बातमी लागली तेव्हा वडिलांनी आवाज मोठा केला होता, हे आई अजून सांगते. ऐंशीच्या दशकात बॉम्बे हाय दिवसाला चार लाख बॅरलच्या वर तेल देत होतं आणि देशाच्या गरजेचा मोठा हिस्सा देशातच निघत होता. आता तिथलं उत्पादन त्या शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आलं आहे. जुन्या क्षेत्रातून आणखी काही पिळून काढता येईल का हे पाहण्यासाठी २०२५ च्या जानेवारीत ब्रिटिश कंपनी बीपीला तंत्रसाहाय्यासाठी नेमलं गेलं. समुद्रातल्या फलाटांवर काम करणाऱ्यांनी या तेलासाठी काय मोजलं तेही लक्षात असावं. २७ जुलै २००५ ला, मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली असताना, तिथे लागलेल्या आगीत २२ जण गेले. मुंबईतल्या पुरापुढे ती बातमी मागे पडली.

देशात आज वर्षाला तीन कोटी टनांच्या आतच कच्चं तेल निघतं. पेट्रोलियम पदार्थांचा खप २३ कोटी टनांवर गेला आहे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के कच्चं तेल बाहेरून येतं. १९९० मध्ये आखातात युद्ध पेटलं, तेल महागलं, तिकडून येणारे पैसे आटले आणि १९९१ ला देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. त्या काळात माझ्या पिढीने पहिल्यांदा ‘परकीय गंगाजळी’ हा शब्द वर्तमानपत्रात रोज वाचला. २०२२ नंतर आपण रशियाकडून सवलतीत तेल घ्यायला लागलो. एरवी नगण्य असलेला तो वाटा एकूण आयातीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला. दुकानदार बदलला, उधारी तीच राहिली. होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून शांततेच्या दिवसांत सुमारे दोन कोटी बॅरल तेल रोज जातं. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाही मोठा भाग त्याच वाटेने येतो. तिकडे तोफ वाजली की इकडे सिलिंडरची चिंता लागते.

सिलिंडरवरून मागणीचं बोलायला हवं, कारण वाढत्या मागणीबद्दल आपल्याकडे फार उथळ बोललं जातं. जणू काही लोकांना हाव सुटली आहे. माझ्या आईने पंधरा वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला. रेशनच्या दुकानापुढे कॅन घेऊन उभं राहायचं, स्टोव्हला पिन मारायची, भडका उडाला की मागे सरायचं. त्याआधी आजीची चूल होती, आणि आजीचे डोळे धुराने गेले. उज्ज्वला योजनेत १० कोटींहून जास्त घरांत गॅस पोचला, त्या घरांची मागणी वाढलीच. ती वाढायलाच हवी होती. भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाला साधारण १४०० युनिट वीज येते. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे आणि अमेरिकी माणूस १२,००० युनिटच्या आसपास वापरतो. विदर्भात मे महिन्यात ४६ अंश तापमान असताना पत्र्याच्या घरात कूलर लावणाऱ्या बाईला काटकसरीचं व्याख्यान द्यायला मी जाणार नाही. मागणी वाढणार हे गृहीत धरूनच विचार करायला हवा. कुठली मागणी कुठल्या इंधनाने भागवायची, एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे.

तेलाच्या मागणीत सगळ्यात मोठा वाटा कशाचा आहे? चर्चा नेहमी पेट्रोलची होते, कारण चर्चा करणारे दुचाकी आणि मोटारीत बसतात. पण २०२३-२४ या वर्षात देशात पेट्रोल लागलं पावणेचार कोटी टनांच्या आसपास आणि डिझेल लागलं नऊ कोटी टनांच्या जवळ. डिझेल म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, मच्छीमारांच्या यांत्रिक नौका, लाईट गेल्यावर सुरू होणारे जनरेटर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातली ऐंशी टक्क्यांहून जास्त मालवाहतूक रेल्वेने होत असे. आता तो वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आला आहे. बाकीचा माल ट्रकवर चढला आणि ट्रक डिझेलवर चालतो. गंमत अशी की त्याच काळात रेल्वेचे ब्रॉडगेज मार्ग जवळजवळ सगळेच विजेवर आले. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली होती; तिला शंभर वर्षं होईपर्यंत देशभर तारा पोचल्या. तेव्हा डिझेलला पर्याय कधीचा आहे. नाशिकचा कांदा आणि सांगलीची हळद ट्रकऐवजी मालगाडीने वेळेवर जाईल अशी व्यवस्था करणं, हे कुठल्याही नव्या इंधनापेक्षा मोठं तेल वाचवणं ठरेल. ते दिसायला आकर्षक नाही, त्यामुळे त्याचं उद्‌घाटन होत नाही.

पेट्रोलला पर्याय म्हणून आपण निवडला तो इथेनॉल, आणि तो निवडताना बांधावरचा हिशोब केला गेला नाही. मी उसाच्या पट्ट्यातली आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्या घरातली तीन शिक्षणं झाली. त्यामुळे उसाविरुद्ध लिहिताना माझा हात जड होतो. शेतकरी ऊस का लावतो हेही मला ठाऊक आहे. टोमॅटोचा भाव कोसळला तर टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो; उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, आहे, कारखाना नेतो, पैसे उशिरा आले तरी येतात. पाऊस, गारपीट, रोग यातून तगणारं दुसरं पीक नाही. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

पण पाण्याचं काय? उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलेलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, आणि लातूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. २०२३ ला महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारने बंदी घातली, मग थोडी शिथिल केली, पुढच्या वर्षी उठवली. ज्यांनी कर्ज काढून आसवनी उभारल्या होत्या त्यांची त्या हंगामात काय अवस्था झाली असेल! जे इंधन एका पावसाळ्यावर अडतं त्याला ऊर्जा सुरक्षा म्हणता येत नाही. आता मोठा भार मक्यावर गेला आहे, आणि मक्याचा भाव चढल्यावर कोंबडीच्या खाद्याला काय घालायचं हा प्रश्न पोल्ट्रीवाल्यांपुढे आला. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठरल्या वेळेच्या पाच वर्षं आधी पूर्ण झालं, हे खरं. पण जे डिझेल त्याच्या दुपटीहून जास्त लागतं त्याला या सगळ्या धावपळीने हातही लावलेला नाही.

मी एकदा दादाबरोबर, म्हणजे माझ्या थोरल्या भावाबरोबर, ओसरीवर बसून एक ढोबळ हिशोब केला. आमच्याकडे एकराला पस्तीस-चाळीस टन ऊस निघतो. टनाला सत्तर लिटर धरलं तर एकराला अडीच हजार लिटर इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी ऊर्जा असते, म्हणून स्कूटर लिटरला तीस किलोमीटर जाईल असं धरू. एक एकर ऊस स्कूटरला पाऊण लाख किलोमीटर नेतो. आता त्याच एकरात सौर पॅनेल घालू. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास युनिट निघतात; एकराला तीन लाख पडली. विजेवरची स्कूटर युनिटला तीस किलोमीटर सहज जाते. झाले नव्वद लाख किलोमीटर. शंभरपटीहून जास्त. दादाने दोनदा गुणाकार तपासला. मग म्हणाला, “आणि पाणी फक्त काचा धुवायला.”

या हिशोबातही फटी आहेत. उसाचा बगॅस जाळून कारखाने वीज करतात, ती मी धरली नाही. पॅनेल दिवसाच वीज देतात, बॅटरीला पैसा लागतो. बागायती जमिनीत पॅनेल घालणं पाप आहे. ते माळावर, मुरमाड जागेत घालावेत. पण हे सगळं वजा केलं तरी फरक दहा-वीस टक्क्यांचा उरत नाही, कित्येक पटींचा उरतो. स्कूटर आणि रिक्षा विजेवर न्यायच्या आणि ऊस साखरेपुरता, पाणी असेल तिथे ठेवायचा, हा यातून निघणारा सरळ निष्कर्ष आहे. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या तीनचाकींपैकी निम्म्याहून जास्त विजेवरच्या असतात. ते रिक्षावाल्यांनी रोजच्या खर्चाचा हिशोब पाहून ठरवलं. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली होती, आणि पहिली विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ ला त्याच मार्गावर सुटली. आठवीतल्या मुलीची भीती अनाठायी ठरली, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

पण शिवाईच्या बॅटरीत जी वीज भरतात ती कुठली? इथे पुष्कळ लोक हुरळून जातात. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांची झाली. बातमी चांगली होती. पण क्षमता आणि युनिट यांत फरक असतो. सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतो, कारण रात्र असते, ढग असतात. युनिटं मोजली तर चारातली तीन जवळपास कोळशातूनच येतात. २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांहून जास्त कोळसा खणला, तोवरच्या सगळ्यात जास्त. म्हणजे नवी ऊर्जा जुनीच्या जागी येत नाही, जुनीच्या शेजारी येऊन बसते. जगाचाही अनुभव हाच आहे. कोळसा आला तेव्हा लाकूड जळायचं थांबलं नाही, तेल आलं तेव्हा कोळसा थांबला नाही. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवलं होतं की इंजिन कमी कोळशात जास्त काम करायला लागलं की कोळशाचा खप घटत नाही, वाढतो, कारण इंजिनं सगळीकडे लागतात. चंद्रपुरात राहणाऱ्या माणसाला हे समजवायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. त्याच्या अंगणात राख पडते.

चीनचा मुद्दाही टाळता येत नाही. पॅनेल बनवण्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यात जगातला ऐंशी टक्क्यांच्या वर वाटा चीनकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली आणि आपल्याकडच्या विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्यांची पंचाईत झाली. आखाताची ताबेदारी सोडून चीनची पत्करायची का, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, तरी दोन्हींत एक मोठा फरक आहे. तेलाचं पिंप जाळलं की उद्या दुसरं विकत घ्यावं लागतं. पॅनेल एकदा छपरावर चढलं की पंचवीस वर्षं काम करतं, मग विकणाऱ्याने दार लावून घेतलं तरी. ही ताबेदारी तेलाच्या ताबेदारीपेक्षा सैल आहे. कारखाने इथे उभे राहिले तर आणखी सैल होईल.

आता मी ज्या गोष्टीकडे येण्यासाठी इतकं लिहिलं ती. शेतीला थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दादा दहाला जेवून बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. मोटर सुरू करायची, दारं धरायची, एक सरी भरली की दुसरी मोडायची. चिखलात पाय कुठे पडतो दिसत नाही. घोणस असते, मण्यार असते, आता उसात बिबट्या असतो. आमच्या गावात दोन माणसं अशी रात्री पाणी द्यायला गेलेली परत आली नाहीत. वहिनी तो परत येईपर्यंत दाराला कडी लावत नाही.

रात्रीच का? कारण कोळशाचं केंद्र दिवसरात्र चालवावं लागतं. ते संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. दिवसा शहर आणि कारखाने वीज घेतात. रात्री ती झोपली की वीज उरते, ती शेतीला द्यायची. शेतकऱ्याच्या वाट्याला नेहमी उरलेली वीज आली. सूर्याच्या विजेने हे गणित उलटं केलं आहे. आता सगळ्यात स्वस्त वीज भर दुपारी असते, आणि उरते तीही दुपारीच. शेतकऱ्यावर कुणी उपकार करायची गरज राहिलेली नाही. त्याला उरलेलीच द्या, पण ती आता दिवसाची आहे.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये सुरू केलेली सौर कृषी वाहिनी योजना याच गणितावर उभी आहे. शेतीला वीज देणाऱ्या उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प टाकायचा आणि त्या फीडरवरच्या सगळ्या मोटरी त्यावर दिवसा चालवायच्या. पडीक जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, शिवाय लांबून आणताना तारांमध्ये जी गळती होते ती वाचते. ज्याच्या त्याच्या विहिरीवर सुटा सौर पंप बसवण्यापेक्षा मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. सुट्या पंपाचं पॅनेल पीक निघालं की महिनोन्‌महिने रिकामं उन्हात बसतं. फीडरवरची वीज मोटर बंद असली तर गावाच्या गिरणीला जाते. एक धोका मात्र दोन्हींत आहे, आणि तो योजनेची जाहिरात करणारे सांगत नाहीत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. मोफत वीज, तीही दिवसभर, म्हणजे बोअर तळाला जाईपर्यंत उपसा. दिवसाच्या लाईटबरोबर गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला नाही तर दहा वर्षांनी लाईट असेल आणि मोटर कोरडी फिरत असेल. हिवरे बाजार या गावाने पिकांचं नियोजन पाण्याच्या हिशोबाने करून दाखवलं आहे. ते प्रत्येक फीडरसाठी अट म्हणून का घालू नये?

जमिनीचा प्रश्न इथे छोटा आहे, कारण प्रकल्प छोटा आणि गावातला आहे. मोठ्या प्रकल्पांत तो रक्त काढतो. राजापूर तालुक्यात आधी नाणारला आणि मग बारसूला वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी आणायचं ठरलं. सौदी आणि अबू धाबीच्या कंपन्या भागीदार. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, खाली आंब्याच्या बागा आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाला बायका आडव्या झोपल्या. कोकणातल्या तरुणांना मुंबईची खोली सोडून गावात काम हवं आहे, आणि रिफायनरीचं समर्थन करणाऱ्यांत तेही आहेत, त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण रिफायनरी पन्नास वर्षांसाठी बांधतात. स्कूटर, रिक्षा आणि बस विजेवर जात असताना पन्नास वर्षं एवढं तेल गाळण्यावर पैज लावायची, आणि पैजेत डाव म्हणून दुसऱ्याचा सडा मांडायचा, हे मला पटत नाही. जैतापूरच्या अणुप्रकल्पाबद्दल थोडक्यात सांगते. माझा अणुऊर्जेला तत्त्वतः विरोध नाही. तारापूर १९६९ पासून चालू आहे. पण जैतापूरला ज्या धाटणीच्या अणुभट्ट्या बसवायच्या आहेत तशीच फ्रान्समध्ये २००७ ला बांधायला घेतलेली भट्टी वीजजाळ्याला जोडली गेली ती डिसेंबर २०२४ मध्ये. तिच्या जन्मदेशात ही गत. तोवर आपण काय करायचं?

मागणीचं सगळ्यात अवघड टोक संध्याकाळचं आहे. सूर्य गेला, दिवे लागले, कुकर चढले, टीव्ही सुरू झाले. तेव्हा लागणारी वीज साठवून ठेवायला सह्याद्री फार चांगला आहे. दुपारी फुकट जाणाऱ्या सौर विजेने पाणी घाटमाथ्यावर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून जनित्र फिरवायचं. पाव हिस्सा ऊर्जा यात वाया जाते, पण दुपारी ती नाहीतरी वायाच जाणार असते. घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे, मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या भिऱ्याला १५० मेगावॅटचा एक संच आहे. आता शिरवतेला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटचे प्रकल्प उभारण्याचा करार राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात २०२३ मध्ये झाला.

मुळशी हे नाव आलं की मला थांबावं लागतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून १९२१ मध्ये मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली घालायचं ठरलं आणि मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी तिथे मिळाली. सत्याग्रह हरला, धरण झालं. शंभर वर्षं भीमेच्या खोऱ्यातलं पाणी त्या आणि शेजारच्या धरणांतून घाट उतरून वीज करतं आणि कुंडलिका, पाताळगंगा, उल्हास या नद्यांना जाऊन मिळतं. पूर्वेला उजनीखाली सोलापूरचा शेतकरी दुष्काळात त्याच खोऱ्याचं पाणी मागतो. आजवर उत्तर असं होतं की मुंबईला संध्याकाळी वीज लागते, पाणी सोडावंच लागेल. पण तेच तेच पाणी खालीवर फिरवून संध्याकाळची वीज मिळणार असेल तर ते उत्तर पूर्वीइतकं भक्कम राहत नाही. खाली रोह्याचे, रसायनीचे कारखाने आणि गावं त्या पाण्यावर उभी आहेत, ती एका रात्रीत कोरडी पाडता येणार नाहीत. तरीही फिरत्या पाण्यामुळे दरसाल किती पाणी घाटाखाली जायचं वाचेल आणि ते भीमेत कधी सोडलं जाईल, हा आकडा नव्या करारांत लिहिलेला असायला हवा. आज वीज किती मेगावॅट होणार हे सगळे सांगतात. पाण्याचा आकडा आपण मागितला पाहिजे, आणि आत्ताच, काँक्रीट पडायच्या आधी.

आमच्या फीडरसाठी गावाबाहेरच्या माळावर मागच्या उन्हाळ्यात मोजणी झाली. चुन्याच्या खुणा केल्या होत्या, पावसात धुऊन गेल्या. दादा मधूनमधून उपकेंद्रात चौकशी करतो, तिथले लोक होईल म्हणतात. परवा फोनवर त्याला म्हटलं, लेख लिहितेय, तुझा हिशोब घातलाय त्यात. तो हसला आणि घाईत म्हणाला, “उद्या बोलू.” या आठवड्यात त्याची पाळी रात्री दहाची आहे.